भिंतीवरची वंशावळ: घरातील तसबिरी, चेहरे आणि हरवलेली नावे

१/२४
महाराष्ट्रातील जुन्या घराच्या ओटीवर किंवा माजघरात मान वर करून पाहिले, की तसबिरींची एक रांग दिसते. फेटा बांधलेले पणजोबा, नऊवारीतील पणजी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला कोणी अनोळखी मुलगा. घराने स्वतःविषयी जपून ठेवलेली ही एक नोंद आहे. तिच्यात कोणाला जागा मिळाली, ती केव्हा मिळाली आणि कोणाचे नाव मागे राहिले, याचा हा धागा.

२/२४
छायाचित्र येण्यापूर्वी घराण्याची आठवण प्रामुख्याने नावांतून टिकत असे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर अशा क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची कुळे पिढ्यान्‌पिढ्या नोंदली गेली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात हेळवी लोक गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी म्हणून दाखवत आणि नव्या जन्मांची त्यांत भर घालत. इनाम-वतनांच्या तंट्यात तर वंशावळ हा पुरावाच असे. हक्क कोणाचा, हे तिच्यावरून ठरे.

३/२४
या नोंदींचा सांगाडा मात्र पुरुषांचा होता. बाप, मुलगा, नातू अशी रेषा उतरत जाई. वतन त्या रेषेने चाले, म्हणून आठवणही त्याच रेषेने चाले. लेक लग्न होऊन गेली की या झाडावरून गळे आणि घरात आलेल्या सुनेचे नाव त्यावर बहुधा चढत नसे. तीर्थाच्या वहीत आई-आजीचा उल्लेख कधी सापडला, तरी तो अमुकाची पत्नी किंवा अमुकाची माता म्हणून. चेहरा तर कोणाचाच नसे.

४/२४
मृतांची आकृती जपण्याची परंपरा मात्र जुनीच होती. गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात उभ्या असलेल्या वीरगळांवर लढाईत पडलेला वीर दिसतो. देवघरात कुलदेवतेच्या टाकांबरोबर पूर्वजांचे टाकही पुजले जातात. चांदीच्या, तांब्याच्या किंवा पितळेच्या लहानशा पत्र्यावर ठोकून उठवलेली ही आकृती. पण एका घराण्याच्या वीराचा टाक दुसऱ्या घराण्याच्या वीराहून फारसा वेगळा दिसत नाही. ते चिन्ह होते. त्यात माणसाचा नेमका चेहरा अपेक्षितच नव्हता.

५/२४
नेमका चेहरा ही दीर्घकाळ राजवाड्यांची मिरास होती. १७९० च्या दशकात जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला आणि त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे रंगवली. अशा चित्रासाठी चित्रकार, वेळ आणि पैसा तिन्ही लागत. फारसीच्या वाटेने मराठीत रुळलेला ‘तसबीर’ हा शब्द पुढे काचेच्या चौकटीतील कोणत्याही चित्राला लागू लागला. राजाच्या चित्राचे नाव सामान्य घरातील फोटोला मिळाले, ही गोष्ट बोलकी आहे.

६/२४
१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेर याच्या छायाचित्रण-पद्धतीचा तपशील जाहीर झाला. त्यानंतर काही महिन्यांतच, १८४० च्या आरंभी, कलकत्त्यात कॅमेरा विकत मिळू लागला होता. एवढ्या झपाट्याने युरोपातून हिंदुस्थानात पोहोचलेली तंत्रे त्या काळात मोजकीच. मात्र दागेरच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर एकच प्रतिमा उमटे. तिची दुसरी प्रत निघत नसे. घराघरात पोहोचण्यासाठी प्रती निघणे आवश्यक होते.

७/२४
१८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. हिंदुस्थानातील अशा अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी ती एक. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा या वर्तुळात वावर होता. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे घेत. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यवसाय थाटला. कॅमेरा एतद्देशीयांच्या हाती येण्यास फार काळ लागला नाही.

८/२४
जुन्या फोटोंतील माणसे हसत का नाहीत? एक कारण तांत्रिक आहे. १८५१ नंतर रूढ झालेल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर ओले रसायन पसरून, ते सुकण्याच्या आत फोटो घेऊन धुवावा लागे. प्रकाश घेण्यास काही सेकंद जात. तेवढा वेळ हसू टिकत नाही, म्हणून डोक्यामागे लोखंडी आधारही ठेवत. दुसरे कारण सामाजिक. आयुष्यात एकदा-दोनदाच काढायचा फोटो ही गंभीर बाब होती आणि त्यात घराची अब्रू दिसणे अपेक्षित होते.

९/२४
१८५४ साली पॅरिसमधील दिस्देरी याने एकाच काचेवर आठ लहान फोटो घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. फोटो भेटकार्डाएवढा झाला आणि स्वस्तही झाला. १८६६ च्या सुमारास त्याहून मोठे ‘कॅबिनेट कार्ड’ आले. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर हे फोटो छापत आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवत. पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव सुबक अक्षरांत छापलेले असे. फोटोतील माणसाचे नाव छापण्याची मात्र पद्धत नव्हती. ते घरच्यांनी लिहावयाचे होते.

१०/२४
कार्ड आल्बममध्ये बसे. त्याला भिंतीवर आणले ते देवांच्या चित्रांनी. १८७८ साली पुण्यात चित्रशाळा निघाली. १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, दत्त, रामपंचायतन यांची रंगीत चित्रे बाजारात आली. त्यांच्यासाठी काच कापणारे आणि चौकटी बांधणारे कारागीर शहराशहरात वाढले. भिंतीवर खिळा आधी देवासाठी ठोकला गेला आणि शेजारची जागा पुढे पूर्वजांनी घेतली.

११/२४
ही मांडणी घराच्या बांधणीनुसार ठरत असे. शेणामातीने सारवलेल्या भिंतीत खिळा टिकत नसे. म्हणून तुळईला किंवा भिंतीच्या वरच्या कडेने बसवलेल्या लाकडी पट्टीला दोरी बांधून तसबीर टांगत. ती उंचावर असे आणि खाली बसलेल्याला दिसावी म्हणून पुढे कललेली असे. काचेवर दाराचा उजेडही कमी चमके. भिंत आणि चौकट यांमधील त्या फटीत चिमणी घरटे बांधे. कित्येक पिढ्यांनी पूर्वजांचे चेहरे असे खालून वर पाहिले आहेत.

१२/२४
स्त्रियांची वाट अधिक अवघड होती. परपुरुषासमोर स्थिर बसून त्याने आपल्याकडे रोखून पाहणे, ही कल्पनाच अनेक घरांना मान्य नव्हती. हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढून तो एका इंग्रज महिलेकडे सोपवला. अशी सोय सर्वत्र नव्हती. त्यातच फोटो काढला की आयुष्य घटते, ही समजूत दूरवर पसरलेली होती. म्हणून पुष्कळ घरांत आजोबांचे तीन फोटो आढळतात आणि आजीचा एकही नाही.

१३/२४
तरीही स्त्रिया भिंतीवर आल्या. लग्नानंतरच्या जोडप्याच्या फोटोतून आल्या, मांडीवर बाळ घेऊन आल्या, मोठ्या कुटुंबाच्या समूहचित्रातून आल्या. वंशावळीने ज्यांना वगळले होते, त्यांना कॅमेऱ्याने वगळता येईना. जो समोर बसला, तो काचेवर उमटला. पणजी, आत्या, बालविधवा मावशी, माहेरी परतलेली लेक, सगळ्या एका ओळीत दिसू लागल्या. सामान्य मराठी घराच्या स्वतःविषयीच्या नोंदींत स्त्रियांना एवढी ठसठशीत जागा प्रथम या भिंतीवर मिळाली.

१४/२४
पण वंशावळीची उणीव भरून निघताना दुसरी उणीव निर्माण झाली. वंशावळीत नावे होती, चेहरे नव्हते. भिंतीवर चेहरे आले, नावे आली नाहीत. घरात सर्वांना माहीत असलेले नाव लिहून कोण ठेवणार? शिवाय स्त्रीची नावे दोन, माहेरचे आणि सासरचे. हाक तर ‘वहिनी’, ‘काकी’, ‘माई’ अशीच. तिला नावाने ओळखणारी पिढी गेली, की तसबिरीत उरते ती केवळ ‘कोणाची तरी आई’.

१५/२४
नाव लिहिल्याने काय घडते, याचे एक उदाहरण. १० ऑक्टोबर १८८५. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनींचा फोटो. नऊवारीतील आनंदीबाई जोशी, किमोनोतील जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या ताबात इस्लामबुली. तिघींची नावे आणि गावे फोटोखाली नमूद आहेत. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले.

१६/२४
या फोटोतील स्त्रीचे माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. फोटोखाली दोन ओळी नसत्या, तर परदेशी दप्तरात ‘एक हिंदू स्त्री’ एवढीच तिची ओळख उरली असती आणि तिला शोधणाऱ्याला साडीच्या काठापलीकडे काही हाती लागले नसते. त्याच दशकात मराठी घरांतून काढलेल्या असंख्य फोटोंच्या वाट्याला अशी ओळ आली नाही. त्यांतील स्त्रियाही कोणाच्या तरी यमुना होत्या.

१७/२४
अनेकांचा फोटो भिंतीवर लागला तो मृत्यूनंतरच. हयातीत काढलेला स्वतंत्र फोटो नसे. मग लग्नाच्या समूहचित्रातून तेवढाच चेहरा वेगळा काढून मोठा केला जाई. वाढवताना तो पुसट होई, म्हणून स्टुडिओतील चित्रकार त्यावर हाताने काम करी. भुवया, मिशा, पदराचा काठ, कपाळावरचे कुंकू रंगाने भरून निघे. कधी दोन वेगवेगळ्या फोटोंतील पती-पत्नी एका चौकटीत शेजारी बसवले जात. हयातीत एकत्र फोटो न काढलेली जोडपी अशी भिंतीवर एकत्र आली.

१८/२४
तसबीर भिंतीवर गेली की टाकांचे जुने संकेत तिला चिकटले. श्राद्धाच्या दिवशी काच पुसून गंध लावणे, सवाष्ण गेलेल्या स्त्रीच्या फोटोला हळद-कुंकू वाहणे, चंदनाचा हार घालणे. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणे अशुभ मानले जाते. त्यामुळे हार हीच भिंतीवरची मृत्युनोंद ठरली. परगावाहून आलेला पाहुणा दारात उभा राहून भिंतीकडे पाही आणि नवा हार दिसला की कोण गेले, हे न विचारताही त्याला उमगे.

१९/२४
मुंबईच्या चाळीत भिंतीच अपुऱ्या होत्या. एका खोलीच्या बिऱ्हाडात फळी, दिनदर्शिका, देव्हारा आणि कपड्यांच्या खुंट्या यांतून जी जागा उरे, तेथे एकच मोठी चौकट लागे. तिच्यात बारक्या फोटोंची दाटी. गावाकडच्या आईचा, गणवेशातील भावाचा, मॅट्रिक झालेल्या मुलाचा पासपोर्ट आकाराचा फोटो, आणि कोपऱ्यात साईबाबा किंवा शिवाजी महाराज. पुठ्ठ्यावर खळीने फोटो चिकटवून घरीच सजवलेली ही चौकट म्हणजे गरिबाघरची चित्रशाळा होती.

२०/२४
या भिंतीवर कोण कुटुंबीय मानला जावा, हा प्रश्न रक्ताच्या नात्यापुरता राहिला नाही. फेब्रुवारी १९३४ मध्ये दादरच्या राजगृहात घेतलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर, रमाबाई, मुलगा यशवंत, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि लाडका कुत्रा टॉबी. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. एका घराचा हा कौटुंबिक फोटो पुढे हजारो घरांनी आपल्या भिंतीवर आपल्या माणसांचा म्हणून लावला.

२१/२४
१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या घरांच्या भिंती बदलल्या. जुन्या देवतांच्या तसबिरी उतरल्या आणि तथागत बुद्ध व बाबासाहेब तेथे आले. ज्या समाजाला वतनदारांच्या वंशावळींत मानाचे पान नव्हते, त्याने आपला पूर्वज स्वतः निवडला. या भिंतीवर रमाबाईंना ‘माता रमाई’ म्हणून स्वतंत्र तसबीर मिळाली आणि तिच्याखाली नावही आले. घरगुती भिंत हे इतिहासलेखनाचे साधन कसे होते, याचा हा सर्वांत स्पष्ट दाखला होय.

२२/२४
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅमेरा घरात आला. बडोद्यात तयार होणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ मध्यमवर्गाला परवडू लागला, तर उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म बाजारात आली. एका रोलमध्ये १२ फोटो निघत. त्यामुळे प्रत्येक फोटो विचारपूर्वक घेतला जाई. पण आता अंगणात पापड वाळत घालणारी आई, विहिरीवरची आत्या, झोपाळ्यावरची आजीही फोटोत येऊ लागली. स्टुडिओच्या रंगवलेल्या पडद्यामागे न दिसणारे स्त्रियांचे कष्ट भिंतीपर्यंत पोहोचले.

२३/२४
या भिंती आज ढासळत आहेत. वाडे पडतात, चाळींच्या जागी इमारती येतात आणि तसबिरी माळ्यावर किंवा भंगारात जातात. टिकलेल्यांनाही ओल, ऊन, कसर आणि वाळवी हे शत्रू आहेतच. दमट हवेत फोटोचा थर काचेला चिकटतो आणि ओढून काढताना चेहराच निघून येतो. म्हणून घरी अशी भिंत नव्याने सजवताना मूळ फोटोची प्रत काढून ती टांगावी. मूळ प्रत कोरड्या जागी साध्या कागदी पाकिटात ठेवावी. फोटो आणि काच यांत पुठ्ठ्याच्या पट्टीएवढे अंतर असावे. चिकटपट्टी वापरू नये आणि थेट ऊन पडणारी भिंत टाळावी.

२४/२४
सर्वांत महत्त्वाचे काम मात्र चौकटीच्या पाठीमागचे आहे. फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने चार गोष्टी लिहाव्यात: नाव, गाव, अंदाजे साल आणि फोटो कोणी ओळखला त्याचे नाव. स्त्री असेल तर माहेरचे नावही. पेन्सिलीची ही ओळ शाईसारखी फुटत नाही आणि ओलीने पसरत नाही. घरात ऐंशी-नव्वदीची एखादी आजी असेल, तर तसबिरी खाली उतरवून तिच्या पुढ्यात ठेवण्याचे काम याच सुट्टीत व्हावे. त्या चेहऱ्यांतील कित्येकांची नावे आता फक्त तिलाच ठाऊक आहेत.